मागच्या घराचा उजेड

संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी मान्यांच्या घरासमोर बांबूंनी भरलेला टेम्पो येऊन थांबला, तेव्हा विश्वासराव कॉफीचा पेला हातात घेऊन फाटकापाशीच उभे होते. जयनगरच्या त्या गल्लीत बांबू आले म्हणजे लग्न नाहीतर गणपती, एवढंच लोकांना ठाऊक. समोरच्या गॅलरीतून कुणीतरी हसून विचारलंही, "काय रावसाहेब, शिवानीचं जमलं वाटतं?"

विश्वासरावांनी नुसती मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. "दाखव मग!" हे शब्द रागाच्या भरात त्यांच्याच तोंडून गेले होते, आणि आता त्या शब्दांचे बांबू दारात उतरत होते.

झालं होतं असं. रस्त्यालगतचं पुढचं घर पाडून तिथे चार मजले बांधायचं ठरत आलं होतं. सगळी धावपळ ऋतुराजची, त्यांच्या मुलाची. लग्न झाल्यापासून तो आणि चंदना जे. पी. नगरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते, आणि इकडे आईवडिलांच्या डोक्यावरचं छत दर पावसाळ्यात नव्या जागी गळत होतं. बिल्डरचे नकाशे महिनाभर जेवणाच्या टेबलावर पडून होते. त्यात नवी इमारत मागच्या अंगणात बरीच पुढे सरकली होती. अंगणापलीकडचं मागचं घर तेवढं तसंच राहणार होतं. तिथे विश्वासरावांची धाकटी बहीण शालन आणि तिचे यजमान दयानंद, मुलांचे दयामामा, राहत. नकाशात त्या घराच्या जागी एक रिकामी चौकट होती, आत काहीच काढलेलं नव्हतं.

शिवानीला ती चौकट खटकली. ऋतुराजची ही धाकटी बहीण आर्किटेक्ट. एखादी मोठी इमारत उठली की शेजारच्या घरांचा उजेड किती जातो, खिडकीतलं आकाश किती झाकतं, कुठल्या काचेची तिरीप कुणाच्या डोळ्यांत जाते, याचा अंदाज काढायचं काम तिच्या कार्यालयात तिच्याकडेच होतं. आधीच्या रविवारी तिने पुठ्ठ्याची दोन्ही घरं करून आणली, खोलीचे पडदे ओढले आणि बॅटरीचा सूर्य करून सगळ्यांना दाखवला.

"बिल्डरनं सावली काढलीय ती एप्रिलच्या भर दुपारची," ती म्हणाली होती. "तेव्हा आपल्या बंगळूरला विजेच्या खांबाचीसुद्धा सावली त्याच्या पायाशी गोळा होते, अप्पा. जानेवारीतली सकाळ बघा. आत्याच्या घरात अकरा वाजेपर्यंत ऊन शिरणार नाही."

"पुठ्ठ्याच्या सावलीला कोण घाबरतंय?" ऋतुराज म्हणाला होता.

"मग खरी सावली पाडून दाखवू?"

आणि विश्वासराव, दोन्ही मुलांच्या कटकटीला वैतागून, बोलून गेले होते, "दाखव मग!"

टेम्पोतून मांडववाला बसवंत खाली उतरला. गणपतीत आणि कन्नड राज्योत्सवात या भागातल्या उंच कमानी तोच उभारायचा. त्याने अंगणात जाऊन मान वर करून पाहिलं. "चाळीस फूट म्हणालात ना, अक्का?" त्याने शिवानीला विचारलं. "कमान असती तर खाली दोन हत्ती उभे केले असते."

"हत्ती नको, बसवंत अण्णा. ताडपत्र्या तेवढ्या घट्ट बांधा. आणि सुट्या राहू देत, एकेक वरखाली करता आली पाहिजे."

"सरी, सरी," म्हणत होकाराची मान हलवून तो दोऱ्या सोडवायला लागला.

विश्वासरावांनी पेल्यातली गार झालेली कॉफी झाडाच्या बुंध्याशी ओतली आणि ते आत गेले.

*

मागच्या घरात दयानंद डोसे घालत होते. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला होती. सकाळचा हा उजेड ओट्यावर लख्ख पडायचा, आणि तेवढ्या वेळात ते चटणी वाटत, भाजी चिरत, दुपारच्या भाताचं आधण ठेवून मोकळे होत. शालन शाळेत मुख्याध्यापिका. तिचा डबा गेली चार वर्षं तेच भरत होते. ते मूळचे निपाणीचे. सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढायचं काम त्यांनी वीस-बावीस वर्षं केलं होतं. मग डोळ्यांचा त्रास सुरू झाला म्हणून लवकर निवृत्ती घेतली. नातेवाइकांना एवढंच माहीत होतं: डोळ्यांचा त्रास.

"बांबू आले वाटतं," ते म्हणाले. "आवाज येतोय."

"आले. शिवूनं खरंच आणले." शालनने सगळ्यांसाठीचे डोसे डब्यात रचत म्हटलं. "अहो, तुम्ही एकदा विश्वासअण्णांना सरळ सांगा ना, तुम्हाला किती दिसतं ते. मग कशाला हवेत बांबू आणि ताडपत्र्या?"

"काय सांगू? माझ्या डोळ्यांसाठी घर बांधू नका म्हणू?"

"नकाशा आपल्याकडे आला त्याच दिवशी तुम्हाला कळलं होतं."

"सगळी नोकरी नकाशांत गेली, शालन. न कळायला काय झालं?" त्यांनी बोटाने तव्याची कड अंदाजून उलथनं घातलं. "हे बघ. डॉक्टर म्हणाले दोन वर्षं, फार तर तीन. कडेचं गेलंच आहे, मधलंही जाईल. त्यानंतर या खिडकीत सूर्य आणून ठेवला तरी मला काय? ती इमारत पन्नास वर्षं उभी राहायची आहे. दोन वर्षांसाठी मी त्या पोरांचं घर अडवू होय?"

शालन डब्याचं झाकण हातात घेऊन उभी राहिली. भांडायचं तिने ठरवलं नव्हतं. पण ती बोलली तेव्हा तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"ती दोन वर्षं एकट्या तुमची नाहीत. त्या दोन वर्षांत तुम्ही मला बघणार आहात. मी म्हातारी होताना तुम्हाला दिसणार आहे. ते मी कुणाला देणार नाही, अण्णांनाही नाही."

दयानंदांनी डोसा उलटला. तव्यावरून वाफ आली आणि उजेडात वळत वळत वर गेली. ती त्यांना दिसत होती.

*

ऋतुराजने गाडी फाटकाबाहेर लावली आणि वर पाहिलं. अंगणात बांबूंचा भलामोठा सांगाडा पुढच्या घराच्या छतावरून डोकावत होता.

"आज भांडू नका," चंदना म्हणाली. तिच्या मांडीवर एळ्ळु-बेल्लाचा डबा होता. तीळ, गूळ, शेंगदाणे, खोबऱ्याचे तुकडे. संक्रांतीला येणं झालं नव्हतं म्हणून तिने आज आणला होता. "सणाचं तोंडावर गोड बोलायचं आणि पाठीवर सावली मोजायची, असं नको."

"मी कुठे भांडतोय? मांडव तिनं घातलाय."

शिवानी अंगणात कमरेवर हात ठेवून उभी होती. त्याला बघताच म्हणाली, "दादा, पुढचा भाग लांब आहे, त्याची सावली नऊच्या सुमारास आत्याच्या घरावरून सुटते. अडचण आहे ती मागे आलेल्या भागाची. म्हणून तेवढाच दाखवतेय."

"ऑफिसचं ऑफिसात ठेवायचं, शिवू. हे घर आहे."

"ऑफिसात मी परक्यांच्या खिडक्यांसाठी भांडते. आत्याच्या खिडकीसाठी नको?"

"म्हणजे मी आत्याचा वैरी? तुला तुझी खोली आहे इथे. अप्पांना गुडघ्यांचं दुखणं, अम्माला छताखाली बादल्या ठेवायचा कंटाळा, आणि आम्ही दोघं घरमालकाला विचारून खिळा ठोकतो. कुणीतरी हे बांधायला नको?"

शिवानी बांबूंकडे वळली. त्याच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. तेवढ्यात त्यांची आई, राजलक्ष्मी, मागच्या घराच्या दारातून ओरडली, "डोसे गार होतायत! आधी या सगळे, मग बांधा नाहीतर पाडा!"

शालनच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले. ही खोलीही पूर्वेकडे तोंड करून होती. दारातून आणि दोन खिडक्यांतून ऊन आत येऊन थेट समोरच्या भिंतीपर्यंत पोचलं होतं. विश्वासराव आरामखुर्चीत बसले, राजलक्ष्मी आणि शालन ताटल्या वाढायला लागल्या. चंदनाने बसायला जागा करावी म्हणून मधला वेताचा मोढा थोडा बाजूला सरकवला. खाणं झाल्यावर ताडपत्री चढवायची असं ठरलं होतं. पण बसवंतला वारा पडलेला दिसला, आणि पुन्हा सुटायच्या आत काम उरकावं म्हणून त्याने माणसांना हाक दिली. चार दोऱ्या एकदम ओढल्या गेल्या.

खोलीतलं ऊन आधी भिंतीवरून सुटलं, मग जमिनीवरून. दाराच्या चौकटीत निळसर काळा पडदा वर वर चढत गेला आणि आभाळाची फक्त एक पट्टी उरली.

बाकीच्यांना मोठा ढग आल्यासारखं वाटलं. विश्वासराव म्हणालेसुद्धा, "एवढंच ना? दिसतंय की सगळं."

त्याच वेळी दयानंद कॉफीच्या पेल्यांचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आले होते. ते खोलीच्या मध्यावर थांबले. एक पाऊल टाकलं, आणि त्यांचा गुडघा मोढ्यावर आपटला. ट्रे कलला, पेले जमिनीवर घरंगळले, कॉफी चटईवर पसरली. त्यांनी आधारासाठी डावा हात लांब केला. भिंत उजवीकडे होती.

ऋतुराज त्यांच्या सर्वांत जवळ होता. मामा सरळ त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्या बघण्यात तो नव्हता.

"मामा," तो म्हणाला, "मी इथे आहे."

"कोण? ऋतू?"

राजलक्ष्मीच्या हातातला चमचा तसाच राहिला. मग शालन दारात जाऊन ओरडली, "बसवंत अण्णा, खाली घ्या! खाली घ्या ते!"

"नको, राहू दे," दयानंद म्हणाले. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "चांगलं काम केलंय त्यानं." त्यांनी ट्रे मोढ्यावर ठेवला, वळून भिंत शोधली आणि तिच्या कडेकडेने ते आतल्या खोलीत निघून गेले.

शिवानी दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी होती. तिला खिडक्या ठाऊक होत्या, कोन ठाऊक होते. हे ठाऊक नव्हतं.

"शालन," विश्वासरावांनी विचारलं, "हे केव्हापासून?"

"चार वर्षं झाली, अण्णा. हळूहळू वाढलं."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"ते म्हणत, मेहुण्याच्या जागेत राहतो, वर आणखी ओझं कशाला."

विश्वासराव खुर्चीतून उठले. "माझी जागा?" ते म्हणाले. "बाबांनी ही जागा दोघांना दिली. पुढचं मला, मागचं तुला. माझी जागा असं मी कधी म्हटलं? कधी म्हटलं, सांग!"

"तुम्ही नाही म्हटलंत. पण तो नकाशा सगळ्यांत शेवटी आमच्याकडे आला, अण्णा. तोही घडी घातलेला."

विश्वासराव पुन्हा खाली बसले. राजलक्ष्मी उठून नणंदेच्या शेजारी जाऊन उभी राहिली. ती कुठे उभी आहे ते सगळ्यांनी पाहिलं.

*

ऋतुराज आतल्या खोलीच्या दाराशी थोडा वेळ घुटमळला. दयानंद पलंगाच्या कडेवर बसले होते.

"ये," ते म्हणाले. "पाऊल तुझंच आहे. तुझा संमतीचा कागद आण, आम्ही सही करून देतो. हा तमाशा कशाला हवा होता?"

"मला सही नकोय, मामा. एवढंच सांगा. नकाशा बघितलात तेव्हा कळलं होतं तुम्हाला?"

"हो की."

"मग बोलला का नाहीत?"

दयानंदांनी गुडघा चोळला. "तुला एक सांगू? मी लग्न करून या घरात राहायला आलो. तुझ्या आजोबांनी मानानं ठेवलं, तुझ्या अप्पांनीही. कुणी कधी वावगं बोललं नाही. तरी माणूस दुसऱ्याच्या छपराखाली हळू आवाजात बोलायला शिकतो. रेडिओ लावला तर आधी दार लोटतो. तू आणि चंदना तिकडे तसेच राहता, मी बघून आलोय. तुझं बोलणं मोठं व्हावं असं मला वाटलं. त्यात काय चुकलं?"

ऋतुराज त्यांच्या शेजारी बसला. दूरवर बसवंतची माणसं काहीतरी बोलून हसत होती.

"आणि माझं बोलणं मोठं व्हावं म्हणून तुम्ही अंधारात बसायचं?"

"दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे, बाबा."

"मघाशी तुम्ही माझ्याकडे बघत होता आणि मी तुम्हाला दिसत नव्हतो. अर्धं मिनिटही झालं नसेल. मला ते सोसवलं नाही. आत्यानं दोन वर्षं कसं सोसायचं?"

दयानंदांचा गुडघा चोळणारा हात थांबला.

"चला बाहेर," ऋतुराज म्हणाला. "शिवू अर्धं पाडायला निघालीय, मी सगळं बांधायला निघालोय. ती माझं ऐकत नाही, मी तिचं ऐकत नाही. तुमचं दोघंही ऐकू."

"मला दया नको, ऋतू."

"मलाही नको. मला नकाशा कळणारा माणूस हवाय."

त्यावर दयानंद हसले. थोडंसंच, पण हसले. मग त्यांनी हात पुढे केला, आणि ऋतुराजने तो धरला.

*

आरामखुर्ची दाराकडे तोंड करून मांडली आणि दयानंदांना तीत बसवलं. शिवानी अंगणात बसवंतजवळ उभी राहिली, ऋतुराज दारात.

"वरची पहिली खाली घ्या," शिवानीने सांगितलं.

ताडपत्री फडफडत उतरली. "आता?" ऋतुराजने विचारलं.

"दाराची चौकट कळते. तू नाहीस कळत."

"उत्तरेकडचीही घ्या."

"काही फरक नाही."

"उत्तरेचा काय उपयोग," दयानंद स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग आवाज वाढवून म्हणाले, "शिवू, सगळा मजला कशाला उतरवतेस? या दिवसांत ऊन येतं दक्षिणेच्या कोपऱ्यावरून. तो कोपरा काप. वरचे दोन मजले, तेवढ्या कोपऱ्यापुरते. बाकी राहू दे त्याचं."

शिवानीने वर पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे. तिने सगळा मागचा भाग एक मजला कमी करायचं धरून ठेवलं होतं. "बसवंत अण्णा," ती म्हणाली, "त्या दोन्ही परत चढवा. दक्षिणेच्या वरच्या दोन सोडा."

दोऱ्या कुरकुरल्या. त्या दोन्ही वर गेल्या, दक्षिणेची एक खाली आली, मग दुसरी. आणि कोपऱ्यातून ऊन तिरकं आत घुसलं, चटईवरच्या कॉफीच्या डागावरून सरकत खुर्चीच्या पायाशी येऊन थांबलं.

"आता?"

"आता ऋतूचं नाक दिसलं," दयानंद म्हणाले. "तेवढ्यासाठी एवढा खटाटोप करायची गरज नव्हती." ते हळूहळू मान फिरवत एकेकाकडे बघू लागले. "विश्वासराव, तुम्ही दाढी केली नाहीत आज. आणि वहिनी, तुम्ही रडताय होय?"

"कांदा चिरत होते," राजलक्ष्मी म्हणाली. कांदा कुठेच नव्हता.

सगळे हसले, आणि हसता हसता एकेकाची नजर त्या मोकळ्या कोपऱ्याकडे गेली. तो कोपरा कुणाचा, ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिसऱ्या मजल्यावरचा मागचा दक्षिणेचा फ्लॅट ऋतुराज आणि चंदनाचा होता.

चंदना केव्हाच उठून अंगणात गेली होती. ती बांबूंच्या खाली उभी राहून वर पाहत होती. नकाशात ती त्या फ्लॅटमध्ये कितीतरी वेळा हिंडली होती. झोपाळा कुठे टांगायचा, तुळस कुठे ठेवायची, नारळाचे शेंडे कुठल्या खिडकीतून दिसतील, सगळं तिने ठरवलं होतं. आता त्या जागी दोन आडवे बांबू होते आणि त्यांच्या मागे निळं आभाळ. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मघाशी मोढा तिनेच सरकवला होता. या घरची सून होऊन चार वर्षं झाली तरी दयामामांसाठी मोढा जागेवरून हलवायचा नसतो, एवढं कुणी तिला सांगितलं नव्हतं. एकमेकांना न सांगायची या माणसांची सवय तिला पुरती नकोशी झाली होती.

ऋतुराज तिच्यामागे येऊन उभा राहिला. "तू म्हणशील तसं," तो म्हणाला. "खरंच."

"मी म्हणेन ते सगळ्यांसमोर म्हणेन," ती म्हणाली आणि आत गेली.

"मामंजी," ती विश्वासरावांना म्हणाली, "आम्ही रस्त्याकडचा दुसऱ्या मजल्यावरचा घेऊ. लहान आहे, रिक्षांचा आवाज येईल, चालेल. पण कोपरा कापल्यावर खालच्या मजल्याच्या छतावर जी मोकळी जागा राहील, ती गच्ची आमची. तिथे पाण्याची टाकी बसवायची नाही, कुणाचं जुनं सामान ठेवायचं नाही."

"टाकी नाही," विश्वासराव म्हणाले. "सामान तर मुळीच नाही."

"आणि यापुढे नकाशा सगळ्यांपुढे एकदम उघडायचा. घडी घालून नाही."

विश्वासरावांनी बहिणीकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "घडी घालून नाही."

*

बिल्डर विलास अकराच्या सुमारास आला. तरुण, बोलायला गोड माणूस. अंगणातला सांगाडा बघून तो दारातच थबकला. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "सर, मागचे दोन मजले असे कापले तर माझं गणित बसत नाही."

"दोन मजले नाहीत, कोपरा," दयानंद म्हणाले. "जिना मधोमध आहे, तो उत्तरेला न्या. सरळ उभी भिंत मिळेल, तुळया लहान होतील. आणि जिन्यावर ती निळी चकचकीत काच लावलीय ती कशाला?"

"आजकाल सगळ्यांना तीच हवी असते, सर. इमारत उठून दिसते."

"ती पश्चिमेला आहे," शिवानी म्हणाली. "दुपारचं ऊन तिच्यावरून थेट या खोलीत येईल. मामांना तिरीप सोसत नाही. सकाळी अंधार आणि दुपारी डोळ्यांत भाला. साधा पांढरा गिलावा करा, मळकट होणार नाही असा."

"पांढऱ्यानं काय होणार?"

शिवानी अडखळली. कागदावर तिला ठाऊक होतं. पण कागदाचं आज काय झालं ते तिने पाहिलं होतं. "दुपारी थांबा, दाखवते," ती म्हणाली.

विलास थांबला नाही, त्याला दुसरीकडे जायचं होतं. पण जाता जाता तो आरामखुर्चीपाशी उभा राहिला आणि दारातून तो कोपरा त्याने निरखून पाहिला. "सर, कच्चा नकाशा कोण देईल? माझ्या माणसाला हे समजावता समजावता वर्ष जाईल."

"मी देतो," दयानंद म्हणाले.

"सरी," विलास म्हणाला. "द्या. बसवून बघतो. बसलं तर बसलं."

"नाही बसलं तर?" विश्वासरावांनी विचारलं.

"नाही बसलं तर पुन्हा येतो. भांडायला."

"या. जेवायलाच या," विश्वासराव म्हणाले, आणि त्यांनी त्याला फाटकापर्यंत पोचवलं.

*

जेवणं झाली. ताडपत्र्या उतरवून बसवंतने शिवानीच्या सांगण्यावरून त्याच बांबूंवर लग्नाच्या मांडवाचं पांढरं कापड ताणलं. कोपरा मोकळा ठेवला.

एरवी दुपारनंतर शालनची बैठकीची खोली मंद होऊन जायची. ऊन घराच्या मागे गेलेलं असायचं. दयानंद तेव्हा रेडिओजवळ बसून राहत, हातातलं काम सकाळवर टाकून. आज ऊन घरावरून पलीकडे गेलं, अंगणातल्या कापडावर पडलं आणि तिथून मऊ होऊन परत आत आलं. भिंतीवर, टेबलावर, ताकाच्या भांड्यावर. कुठेच टोचत नव्हतं.

शालन पायरीवर उभी राहून ते बघत होती. आत दयानंदांनी टेबलावर मोठा कागद पसरला होता. शिवानीने धरलेली पट्टी सरळ करून ते कागदावर अगदी वाकून रेघ ओढत होते. पलीकडून चंदना गच्चीचं दार कुठे हवं ते बोट ठेवून सांगत होती, आणि ते मान हलवून नाही म्हणत होते, पावसाचं पाणी आत येईल म्हणत होते. ऋतुराज आणि विश्वासराव दोघेही एकदम काहीतरी बोलत होते आणि कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं.

बसवंत दोरी हातात घेऊन तिच्याजवळ आला. "अम्मा, कापड उतरवू का? जे. पी. नगरला संध्याकाळचा मांडव आहे."

शालनने आत पाहिलं.

"स्वल्प थांबा, बसवंत अण्णा," ती म्हणाली. "तेवढी रेघ पुरी करू द्या त्यांना."

बसवंतने दोरी खाली ठेवली आणि तो पायरीवर बसला. आत दयानंदांनी ती रेघ पुरी केली, पट्टी खाली सरकवली, आणि दुसरी सुरू केली.